नागपूरची भोसलेकालीन उद्याने
नागपूर शहर व परिसर यांतील भोसले राजांच्या विहारोद्यानांचा समूह. महाराजबाग, तुळशीबाग, पाल्डी, सक्करदरा, सोनेगाव व तेलंगखेडी ही त्यांतील प्रमुख होत. तुळशीबाग जुन्या शहरात व महाराजबाग सीताबर्डीलगत असून उरलेली चार त्या काळी गावाबाहेर, शेतशिवारात होती. महाल भागातील राजवाड्यातून सकाळी निघून दिवसभर विहार करावा व सायंकाळी परतावे, एवढ्याच अंतरावर ती होती.

नागपूरला वर्षाकाठी सु. ११० सेंमी. पाऊस पडतो, पण तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्याही वर जाते. त्यामुळे येथे शोभेची बाग म्हणजे मुळात पाणी साठविण्याचा प्रश्न होता. तेलंगखेडी, सोनेगाव व सक्करदरा येथे बागेच्या जोडीला तलाव आढळतो, तो याच कारणाने. तेलंगखेडीचा तलाव आता फुटाळा या नावाने अधिक परिचित असून त्याचा विस्तार सु. २४ हेक्टर आहे. टेकडीचा उतार, पाण्याचा विस्तार, बाग आणि जवळचे कल्याणेश्वराचे मंदिर यांमुळे समूहातील सर्वांत रम्य स्थळ हेच म्हणावे लागेल. वनभोजनासाठी येथे येण्याची नागपूरकरांची आवड जुनी आहे.

बागा केवळ विलासाच्या जागा राहिल्या नाहीत. १६ डिसेंबर १८१७ रोजी नागपूरच्या लढाईत तोफा ताब्यात घेण्यास निघालेल्या इंग्रज फौजेवर सक्करदऱ्याच्या बागेतून मारा झाला. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले व पुढील वर्षी राज्य खालसा झाले. त्याबरोबर बागांचा राजाश्रयही संपला. महाराजबाग तेवढी नव्या उपयोगामुळे टिकली. इंग्रजांनी तेथे वनस्पतिउद्यान केले व १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू केले. शेजारच्या कृषी महाविद्यालयाबरोबर (स्था. १९०६) ती पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आली. सक्करदऱ्याच्या वाड्यात भोसले घराण्यातील रघूजीरावांनी ताजुद्दीन बाबांना ठेवून घेतले होते. बाबांचे १९२५ मध्ये तेथेच निधन झाले. त्यामुळे बागेपेक्षा हे स्थान आता श्रद्धास्थान म्हणूनच अधिक ओळखले जाते.

शहर पसरत गेले, तसे बागांभोवतीचे शिवार नाहीसे झाले. सक्करदरा व सोनेगाव ही नावे आता मुख्यतः वस्त्यांची म्हणून माहीत आहेत. विमानतळानजीकचा सोनेगाव तलाव अनेक उन्हाळ्यांत कोरडा पडला आहे. फुटाळ्यावर संगीत कारंजे व प्रेक्षकसज्जा उभारल्याने हा तलाव कायद्याने पाणथळ ठरतो काय, असा वाद उद्‌भवला. तो मानवनिर्मित असल्याने पाणथळ ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.