ओहमचा खटका

स्टिरिओ रिसीव्हरच्या पाठीमागे, स्पीकरच्या तारा जोडण्याच्या जागेजवळ, पुष्कळदा एक लहानसा खटका असतो. त्याच्या एका बाजूला ४ ओहम आणि दुसऱ्या बाजूला ८ ओहम असे छापलेले असते. नव्या रिसीव्हरमध्ये खटका दिसत नाही. तीच निवड पडद्यावरच्या यादीत शिरून करावी लागते. स्पीकरच्या पाठीवरही ओहमचा आकडा असतोच. तेव्हा कोणीही म्हणेल, यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? चारला चार लावावा, आठला आठ! उत्तर सरळ आहे, पण अर्धेच बरोबर आहे. शिवाय खटका योग्य बाजूला आहे, आता काळजी नाही, अशा समजुतीने माणसे पुढे जे करतात त्यापायी चांगली यंत्रे जळतात. जुन्या रिसीव्हरचे आउटपुट ट्रान्झिस्टर एकदा गेले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानामागून दुकान पालथे घालावे लागते, आणि खिशाला बसायची ती चाट बसतेच.

ओहम हे एका शाळामास्तरांचे नाव. गेओर्ग झिमोन ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे, कुलुपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वडील स्वतः पुस्तके वाचून शिकले व त्यांनीच मुलांना गणिताची गोडी लावली. कलोन येथील शाळेत शिकवीत असताना ओहम यांनी प्रयोग केले आणि १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला : दाब जितका जास्त तितका विद्युत्प्रवाह जास्त, रोध जितका जास्त तितका प्रवाह कमी. पुढे १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड यांनी इम्पीडन्स हा शब्द रूढ केला. या गृहस्थांनी सोळाव्या वर्षीच शाळा सोडली होती. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी एवढे दोन साक्षीदार पुरेत.

इम्पीडन्सला मराठीत संरोध म्हणतात. स्पीकरमधून जाणारा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, तो सुरांप्रमाणे उलटसुलट होत असतो. अशा प्रवाहाला तारेच्या रोधाशिवाय स्पीकरमधल्या वेटोळ्याचे व हलणाऱ्या पडद्याचे गुणधर्मही अडवितात. या सर्व अडवणुकीची बेरीज म्हणजे संरोध. ती सुराप्रमाणे बदलते. एकच स्पीकर ढोलकीच्या खालच्या घुमाऱ्याला एक संरोध दाखवितो आणि बासरीला दुसरा. ८ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर एखाद्या खालच्या सुरावर ३० ओहमच्याही वर जातो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ६.४ ओहमखाली, उतरू नये एवढेच बंधन आहे. मग खटका जुळवायचा तो यांतल्या कोणत्या आकड्याशी?

ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर हा पंगतीतला वाढपी समजावा. तो दाब कायम राखतो, आणि समोरचा मागेल तितका प्रवाह वाढतो. आठ ओहमवाल्याच्या मानाने चार ओहमचा स्पीकर दुप्पट जेवणारा गडी. समजा, अँप्लिफायर जास्तीत जास्त २० व्होल्ट देऊ शकतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.५ अँपिअर प्रवाह जाईल व शक्ती ५० वॅट होईल. ४ ओहमचा जोडला तर प्रवाह ५ अँपिअर, शक्ती १०० वॅट. हा दुप्पट प्रवाह पुरविताना ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापतात.

आता खटका ४ वर सरकवू. जेवणाऱ्याची भूक आहे तेवढीच राहते. वाढप्याच्या हातात लहान पळी येते. म्हणजे रिसीव्हर आतला विद्युत्पुरवठाच कमी दाबाचा करतो. समजा २० चे १४ व्होल्ट झाले. ४ ओहमला आता ३.५ अँपिअर व ४९ वॅट मिळतील. उष्णता आटोक्यात राहिली, पण ताकदही निम्म्यावर आली. आवाज वाढवीत नेला तर मर्यादा लवकर गाठली जाते, आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात, गाणे चिरकते. अशा छाटलेल्या लाटांनी स्पीकरमधला नाजूक ट्वीटर जळूही शकतो.

म्हणून माझे मत असे. स्पीकर ८ ओहमचे असतील तर खटका ८ वरच ठेवावा; ४ वर नेऊन हाती काही लागत नाही. स्पीकर ४ ओहमचे असतील तर माहितीपुस्तिका सांगेल ते ऐकावे, विशेषतः हमीची मुदत चालू असेल तेव्हा. जुन्या, चांगल्या बांधणीच्या यंत्रावर खोलीपुरता माफक आवाज ठेवणाऱ्याने ८ वर राहूनही सहसा बिघडत नाही. मात्र झाकणावर हात टिकेनासा झाला, किंवा आतला संरक्षक रिले वरचेवर आवाज तोडू लागला, की आवाज कमी करून मुकाट्याने ४ वर यावे. रिसीव्हर चालू असताना हा खटका कधीही हलवू नये.

मग हा जुळवणीचा हट्ट आला कोठून? तो व्हॉल्व्हच्या काळातला. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवीत आणि त्याला ४, ८, १६ ओहमच्या वेगवेगळ्या खुंट्या काढीत. तेथे आकडा खरोखरच जुळवावा लागतो, कारण खुंटी बदलली की ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे प्रमाण बदलते. लग्नात-जत्रेत भोंगे लावणाऱ्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असते : १६ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की तार ८ च्या खुंटीला. व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर न जोडता मोठ्याने चालविले तर ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. ट्रान्झिस्टरला मोकळे राहण्याचे भय नाही, त्याचा काळ म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकणे.

खरा धोका स्पीकरांची संख्या वाढविण्यात आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम उरतात, तीन जोडले की २.६७. रिसीव्हरवरची ए आणि बी अशी दोन्ही बटणे एकदम दाबली की बहुतेक यंत्रांत हीच समांतर जोडणी होते. म्हणूनच पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की एकच जोडी असेल तर किमान ४ ओहम, दोन्ही असतील तर प्रत्येकी किमान ८. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री कोणीतरी घरून आणखी दोन पेट्या उचलून आणतो, तेव्हा ही ओळ वाचायला कोणाला सवड नसते. पेट्या वाढवायच्याच तर दोन-दोन एकसारख्या स्पीकरांची एकसर जोडणी करावी. ८ आणि ८ मिळून १६ होतात, आवाज थोडा उतरतो, यंत्र वाचते.

जुन्या पेटीवरचा आकडा पुसला गेला असेल तर मल्टिमीटरने तारांमधला रोध मोजावा. तो संरोधापेक्षा थोडा कमीच येतो : ६ च्या आसपास आला तर स्पीकर ८ ओहमचा, ३ ते ३.५ आला तर ४ चा. मोजण्यापूर्वी तारा रिसीव्हरपासून सोडवून घ्याव्यात.