हात वर करा बरं!

निवडणूक आली की टीव्हीवर अंदाजांचा नुसता पाऊस पडतो. आमच्या घरी त्यावर पैजाही लागतात. २००४ साली ते अंदाज साफ फसले, २०२४ च्या लोकसभेलाही एक्झिट पोलवाले तोंडघशी पडले. ‘लोक अनोळखी माणसाला खरं सांगतच नाहीत,’ असं आमच्या ह्यांचं ठाम मत. मला मात्र निवडणुकीपेक्षा दुसऱ्याच एका पाहणीतला प्रश्न बरेच दिवस छळत होता.

आपल्या देशात १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते पाहते. घरोघरी जाऊन १५ ते ४९ वयाच्या बायकांना बाळंतपण, लसी, रक्त कमी असणं असं सगळं विचारतात. त्यातच हा प्रश्न येतो : नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का? सात कारणं वाचून दाखवतात. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे लक्ष दिलं नाही, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, जवळ येऊ दिलं नाही, संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही.

२०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी यातल्या निदान एका कारणासाठी ‘हो, योग्य आहे’ म्हटलं. पुरुष ४४ टक्के! आपल्या महाराष्ट्रातल्या बायकाही ४४ टक्के. सर्वांत जास्त होकार सासू-सासऱ्यांच्या मानासाठी, ३२ टक्के. २००५-०६ मध्ये हा एकूण आकडा ५४ होता. मध्ये ऑक्टोबर २००६ पासून घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू झाला, त्यालाही आता किती वर्षं झाली. आणि ज्यांनी प्रत्यक्ष मार खाल्ला, त्यातल्या ७७ टक्के जणींनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

मला हे काही पटेना. आपल्या बायका अशा आहेत? म्हटलं, विचारूनच बघू.

रोवणी आटोपली होती. मोहाडी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती, २१ जणी जमल्या होत्या. हप्ते, वही, सह्या झाल्यावर मी विचारलं, “सासू-सासऱ्याचा मान नाही ठेवला तर नवऱ्यानं मारलं तर चालते का? हात वर करा बरं!” पहिला हात एका आजीबाईंचा. मग तिच्या सुनेचा. मग बघता बघता १५ हात वर. एकजण तर म्हणाली, “मारते त मारते, पन कमावून आनते ना वो ताई!” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग मी एक युक्ती केली. प्रत्येकीला एक धानाचा दाणा आणि एक तुरीचा दाणा दिला. कोपऱ्यात दुपट्टा झाकलेलं मडकं ठेवलं. चालत असेल तर धान टाका, नसेल तर तूर. उरलेला दाणा पदरात बांधा, कुणी कुणाचं बघायचं नाही. दोनदा समजावून सांगावं लागलं, एकीनं दोन्ही दाणे टाकले, मग पुन्हा केलं. शेवटी मडकं ओतलं तर धान नऊ, तूर बारा.

नऊ म्हणजे काही कमी नाहीत, हे मी कबूल करते. पण पंधरा आणि नऊच्या मधल्या सहाजणी कोण? त्या आजीबाई दाण्यांकडे बघत राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, “मले वाटलं, साऱ्याच हो म्हनतीन.” त्यांचा दाणा कोणता होता, ते मी विचारलं नाही.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून लोकांची मतं विचारणारी अशीच एक मोठी पाहणी चालते. ‘पुरुषानं कमवावं, बाईनं घर सांभाळावं’ हे १९८७ मध्ये तिथल्या ४८ टक्के लोकांना पटत होतं. २०२२ मध्ये फक्त ९ टक्क्यांना. मी वाचून खूशच झाले. पण त्याच पाहणीत ६३ टक्के बायकांनी सांगितलं, घरकाम आमच्या वाट्यापेक्षा जास्तच पडतं. म्हणजे मत बदललं, भांडी तिथंच!

आता माझंच सांगते. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. कसल्याशा पाहणीच्या दोन मुली कागद घेऊन घरी आल्या होत्या. मी एम. ए. पर्यंत पोचले नसले तरी बी. ए. झालेली, ह्यांनी कधी बोटही लावलेलं नाही. त्यांनी असाच प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, “चूक असेल तर ठीकच आहे.” का? तर सासूबाई दारातच लाखोळी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणणं मला उद्धटपणा वाटला. मुलींनी खूण केली, चहा घेतला, गेल्या. कुठल्या तरी टक्क्यात मी आजही तशीच बसलेली असेन.

बैठकीहून आल्यावर संध्याकाळी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या आता थकल्यात, कानानं कमी ऐकू येतं. सासऱ्यांचा राग अख्ख्या गल्लीला माहीत होता, त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नव्हतं. “तुम्ही बसला होता म्हणून मी तसं म्हटलं,” मी म्हणाले. त्या जरा वेळ गप्प.

“मी तं पोरी काय इचारतेत थे आयकाले बसली होती,” त्या म्हणाल्या. “मले त कोनी कधी इचारलंच नाही.”

मी उठले, डब्यातून एक धान आणि एक तूर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी धान उचलून अंगणात चिमण्यांना टाकलं.