घाटवाटांवरची धाव

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे आतकरवाडीत, सिंहगडाच्या पायथ्याशी, बॅटऱ्यांची रांग लागते. पुण्याहून आलेली मंडळी बुटांच्या नाड्या आवळतात, घड्याळ चालू करतात आणि वाटेला लागतात. ही पायवाट जेमतेम तीन किलोमीटरांची. सपाट रस्त्यावर एवढे अंतर सरावाचा धावपटू पंधरा मिनिटांत संपवतो. इथे तेवढ्यातच सुमारे सहाशे मीटर उंची चढायची असते, आणि पहिल्या एक-दोन वळणांनंतर बहुतेकांचे धावणे चालण्यावर येते.

त्यात कमीपणा काहीच नाही. डोंगरात वाट किती लांब आहे यापेक्षा ती किती चढते, हे आधी विचारायचे असते. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. तो सिंहगडाला लावला तर दीड तासाच्या थोडे पुढे उत्तर येते. रमतगमत चढणाऱ्या माणसाला गड गाठायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. डोंगरी शर्यती भरवणारे आज शंभर मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर असे धरतात. म्हणजे आतकरवाडीची तीन किलोमीटरांची वाट नऊ किलोमीटरांच्या तोलाची झाली.

चढ दम काढतो, पण पाय मोडतो तो उतार. अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावायला लावून शरीर किती ऊर्जा खर्च करते हे मोजले. २००२ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांत सर्वांत कमी खर्च निघाला तो सुमारे वीस टक्के उतारावर. पण दम लागत नाही म्हणून उतार सोपा, असे समजणारा माणूस सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच अंगाचा भार अडवावा लागतो. त्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे दुसऱ्या दिवशी वर येते. यावर जालीम औषध नाही. पाऊल लहान ठेवायचे, झपझप टाकायचे, टाच पुढे रोवायची नाही, आणि उताराचा सराव थोडा थोडा वाढवत न्यायचा. एकदा सोसलेला उतार पुढच्या वेळी कमी दुखवतो.

सह्याद्रीचा उतार तर एकसारखाही नसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर बनला. अशा खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. त्या पायऱ्या धावणाऱ्याला पायाखाली कळतात. आधी अंगावर येणारा कडा, मग मोकळी माची किंवा पठार, पुन्हा कडा. उन्हाळ्यात धारेवर मुरूम सुटा होतो आणि घसाऱ्यावरून पाय सरकतो. पावसाळ्यात तोच कातळ शेवाळाने गुळगुळीत होतो. दिवाळीच्या आसपास गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि त्यात दगड, खड्डा किंवा फुरसे, काहीच दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच खरे धावण्याचे दिवस.

या मुलखातली सर्वांत देखणी वाट कोणती, यावर वाद होऊ शकतो. पण सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेला तोड नाही. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून बाहेर पडून धारेने विंझरकडे उतरायचे, गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून पुढची सोंड धरायची आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरून वेल्ह्याला उतरायचे. भटक्यांना यासाठी दोन-तीन दिवस लागतात. याच वाटेवर आता पन्नासहून अधिक किलोमीटरांची शर्यत होते आणि ती एका दिवसात धावली जाते.

अशा वाटेवर सगळ्यांत फसवी असते ती ढोरवाट. ती पायवाटेइतकीच रुळलेली दिसते, पण गुरांना गडावर जायचे नसते, त्यांना चारा हवा असतो. म्हणून ती गवतात शिरते, तिला फाटे फुटतात आणि अखेर ती कड्याच्या काठावर विरून जाते. मोबाइलवरची जीपीएसची रेघही कड्याखाली पाच-पन्नास मीटर इकडेतिकडे सरकते, आणि एवढ्या फरकाने नाळ चुकते. वाट आखणाऱ्याने आधी खालच्या वाडीत जावे. कोणता ओढा कधी आटतो, आग्यामोहोळ कोणत्या कड्याला आहे, पावसात कोणता टप्पा खचला, हे तिथल्या गुराख्याला विचारल्याशिवाय आखलेली वाट अपुरीच राहते.

कारण या वाटा मुळात हौसेसाठी पडलेल्या नाहीत. पेशवाईतली पत्रे जासूद पायी पोचवत. बाजार, सासर-माहेर, शाळा, सगळे याच वाटांनी होत आले. अशाच रोजच्या वाटेवर पाय घडलेला धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. लहानपणी तो शाळेसाठी सहा किलोमीटर कधी चालत, कधी पळत जाई. २०२३ मध्ये त्याने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. डोंगर आपोआप विजेते घडवत नाही. साबळेला सैन्यदल मिळाले, कविताला नाशिकमध्ये प्रशिक्षक मिळाले. पण रोजच्या वाटेने आलेला पायांचा चिवटपणा दोघांना आधीपासून होता.

धावताना वाट आणि तिच्या आजूबाजूची जमीन जपणेही आले. २०१२ पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराच्या रस्त्याला लागते. अंतर २१ किलोमीटर. जाताना चढ, येताना उतार. ती डांबरी रस्त्यावरून धावली जाते हे फार बरे आहे. कासच्या सड्यावर कातळाला धरून मातीचा पातळ थर असतो आणि फुले त्यातच तग धरतात. तिथे बुटाखाली तुडवलेली जागा लवकर भरून येत नाही. भातखाचराच्या बांधाचेही तसेच. शंभर जण बांधावरून धावले की बांध ढासळतो, आणि तो पुन्हा घालायला शेतकऱ्याचा दिवस जातो.

सिंहगडावरून उतरणाऱ्या धावपटूंना सकाळी समोरून बायका भेटतात. डोक्यावर पाटी, पाटीत दह्याची मडकी, पायांत साधी चप्पल. पाऊल कुठे टाकायचे हे त्यांना खाली बघून ठरवावे लागत नाही. ओझे घेऊन चढणारी बाई मध्येच थांबली तर पुन्हा तोल सावरून निघणे तिला जड जाते. म्हणून उतरणाऱ्याने डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहायचे आणि ती पुढे गेल्यावर निघायचे. धावण्यातली तेवढी दहा-पंधरा सेकंदे गेली तर जाऊ द्यावीत.