आकडा नॉर्मल, पण चक्कर खरी
लेखमाला : रक्तदाब समजून घेताना – लेखांक ७

मागच्या आठवड्यात घरी रक्तदाब नीट कसा मोजायचा ते पाहिलं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर ठेवायचे, दंड छातीच्या पातळीवर घ्यायचा, मापाचा पट्टा लावायचा आणि बोलायचं नाही. एवढं सगळं पाळूनही काही जणांचं कोडं सुटत नाही. आकडा एक सांगतो आणि शरीर दुसरंच. आजचा लेख त्यांच्यासाठी.

सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीकडे निघालेल्या बाईचंच उदाहरण घेऊ. पहाटे उठून डबे केलेले, पोटात फक्त चहा, वाटेत स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायलेलं. गर्दीत पाय हलवायलाही जागा नाही. दिवा मागे पडतं न पडतं तोच घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणीतरी सरकून जागा देतं, बसल्यावर हळूहळू बरं वाटतं. संध्याकाळी दवाखान्यात रक्तदाब भरतो ११८/७६. "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून ती घरी येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या धास्तीनं उठते.

तो आकडा बरोबरच आहे, पण तो बसलेल्या, विसावलेल्या शरीराचा आहे. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर परत आणायला रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. लोकलच्या गर्दीत पोटऱ्या थिजलेल्या, उकाड्यानं रक्तवाहिन्या सैलावलेल्या, त्यात अंगात पाणी कमी. मग मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण घटतो. अशा वेळी पोटऱ्या आणि मांड्या घट्ट आवळाव्यात, टाचा उचलाव्यात, आणि तरीही अंधारी आली तर संकोच न करता खाली बसावं.

हे पकडायचं तर रक्तदाब उभ्यानंही मोजायला हवा. शेजारी कुणीतरी असू द्या. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब आणि नाडी मोजा. मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उभं राहताना रक्तदाब पडतोय. मधुमेही आणि वयस्क मंडळींत हे बरंच आढळतं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. रक्तदाब टिकून राहिला, पण दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली आणि महिनोन्‌महिने उभं राहताच धडधड, थकवा, चक्कर येत असेल, तर डॉक्टर 'पॉट्स' या विकाराचा विचार करतात. तरुण मुलींमध्ये तो जास्त दिसतो. त्याआधी रक्तक्षय आणि थायरॉइड तपासून घ्यावे लागतात. 'मनाचे खेळ' म्हणून मात्र यातलं काहीही सोडून देऊ नये.

आता उलटी बाजू. काहींचा रक्तदाब दवाखान्यात १५० आणि घरी १२५ भरतो. काहींचं नेमकं उलट होतं : दवाखान्यात छान, पण घरी चढलेला. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर ती वाढलेली धरतात. शंका उरली तर चोवीस तास दंडावर यंत्र बांधून झोपेतलाही रक्तदाब पाहता येतो. एरवी झोपेत तो १० ते २० टक्के उतरतो. जोरात घोरणाऱ्या, श्वास अडकून जागं होणाऱ्या माणसाचा तसा उतरेलच असं नाही.

काही खुणा दुर्मीळ, पण मोलाच्या असतात. डोकं ठणकणं, घाम आणि धडधड यांचे झटके येऊन त्याच वेळी रक्तदाब चढत असेल, तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीची गाठ नाही ना, हे तपासतात. गोळे येणं, अशक्तपणा आणि रक्तात पोटॅशियम कमी असेल तर त्याच ग्रंथीचं एक संप्रेरक वाढलेलं असू शकतं. दोन्ही दंडांवर एकदा तरी मोजून घ्या. सतत १५ किंवा त्याहून अधिक फरक राहिला तर रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, ते पाहावं लागतं.

आणि औषधं! मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आपल्याकडची ही मुळी जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. पुढे तिच्यातून वेगळ्या काढलेल्या रेसर्पिननं रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्णांना नाक चोंदण्याचा, सुस्तीचा, उदासीचा त्रास व्हायचा. उपाय आणि लक्षण एकाच गोळीतून येऊ शकतात, हा धडा आजही लागू आहे. अंगदुखीच्या गोळ्या, सर्दीची काही औषधं, स्टेरॉइड आणि रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमधसुद्धा रक्तदाब वाढवू शकतं. हे सगळं डॉक्टरांना सांगा, पण चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं यापैकी काही असेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. तसा त्रास नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढाच भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनानं जादा गोळी घेऊ नका. चालताना किंवा धावताना शुद्ध हरपली तर हृदयाची तपासणी टाळू नका.

या आठवड्यात एक साधी वही घाला. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून लिहा : वेळ, रक्तदाब, नाडी, आडवं-बसून-उभं, घेतलेली औषधं आणि त्या क्षणी काय होत होतं ते. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, जिथे जाल तिथे ही वही न्या. सुट्या आकड्यावरून जे कळत नाही, ते तिच्या दोन पानांवरून कळू शकतं.