वाट मोडण्याआधी नोंद करा

रायगड जिल्ह्यात मुंबई–गोवा महामार्गावर इंदापूरला वळले की रस्ता तळा गावी येतो. गावाच्या डोक्यावर तळगड उभा आहे. अशा गडावर पावसाळ्यानंतर गट घेऊन जाणाऱ्या प्रमुखाला वाटेत काय काय भेटू शकते, हे डोंगरात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. एखादी पायरी ढासळलेली असते, करवंदीची जाळी वाटेवर आलेली असते, ओहोळाच्या उताराला घसारा झालेला असतो, कुठे नवे तारेचे कुंपण आडवे येते. प्रमुख प्रत्येकाला हात देऊन पलीकडे काढतो, माणसे मोजतो आणि पुढे निघतो. गट सुखरूप खाली उतरला की जबाबदारी संपली, असे आपल्याकडे मानले जाते. ती तिथे संपत नाही, असे माझे म्हणणे आहे. वाटेवरचा बिघाड तारीख आणि ठिकाण घालून, लेखी, योग्य माणसाकडे पोचवणे हा गट नेण्याच्याच कामाचा भाग आहे. आपल्याकडे पायवाटेचा हक्क मुख्यतः वहिवाटीवर टिकतो. वाट वापरात आहे आणि ती अमुक ठिकाणी अडली आहे, हे सांगणारा साक्षीदार मात्र चालणाऱ्याशिवाय दुसरा कोणी उरलेला नाही.

तळा परिसरात हे विशेष लागू पडते, कारण इथल्या वाटा फार जुन्या आहेत. तालुक्यातच राजपुरी खाडीवरच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत महाभोज घराण्यातल्या माणसांबरोबर लोखंडाचा व्यापारी, वैद्य आणि माळी अशा दात्यांची नोंद आहे. जवळचे मांदाड म्हणजे इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आलेले मंदगोरा बंदर असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा तो माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनीच. पुढे किल्ले आले, त्यांच्याकडे शिबंदी आणि रसद नेणाऱ्या वाटा आल्या. गावागावांत दगडी पाखाड्या बांधल्या गेल्या, ओहोळांवर साकव आले. या वाटा टिकल्या त्या रोजच्या वापराने. गुरे रानात जायची, बायका लाकूडफाटा आणायला जायच्या, पोरे पलीकडच्या गावातल्या शाळेत चालत जायची. आता घरात गॅस आला, गुरे कमी झाली, शाळेला रिक्षा किंवा एसटी मिळते. हे सगळे चांगलेच झाले, पण रोजचा पाय पडायचा थांबला की कोकणातल्या पावसात वाट दोन-चार हंगामांत रानात मिसळते. दुसरीकडे दिघी बंदर आणि त्याला जोडून आखलेले औद्योगिक क्षेत्र यांमुळे या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार वाढले. जमीन विकत घेणाऱ्याला सातबारा दिसतो, त्यावरून जाणारी वाट दिसतेच असे नाही. तो कुंपण घालतो आणि कोणी काही बोलले नाही तर ते कुंपणच पुढची वहिवाट ठरते.

यावर कोणी म्हणेल, डांबरी रस्ते झाले आहेत, मग पायवाटेचे एवढे काय? याचे उत्तर १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडानेच दिले. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथके पावसात, निसरड्या चढणीने पायी वर गेली. अवजड यंत्रे वर पोचवता आली नाहीत, माती माणसांनी हातांनी उपसली. डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांसाठी पायवाट हाच दवाखान्याचा, रेशनचा आणि मतदान केंद्राचा रस्ता असतो. सुट्टीच्या दिवशी ट्रेकर ज्या घसाऱ्यावर पाय सांभाळतो, त्यावरूनच आजारी माणसाला डोलीतून खाली आणायची वेळ येते. म्हणून पायवाटेची तक्रार ही छंदाची तक्रार नव्हे.

कायद्याने पायवाटेला वाऱ्यावर सोडलेले नाही. ब्रिटिश काळात जमाबंदीच्या मोजणीवेळी गावनकाशे तयार झाले. त्यांत ग्रामीण रस्ते तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवले आहेत. नकाशावरच्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते, म्हणजे मोजणीच्या ३३ फुटी साखळीचा बरोबर चौथा भाग. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा या शासनाची मालमत्ता आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. राखीव जंगलातली वाट बंद करायची झाली तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २५ प्रमाणे राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि सोयीची पर्यायी वाट असावी किंवा करून द्यावी लागते. शेतावर जाण्याच्या वाटा बहुधा नकाशावर नसतात. त्यांच्यासाठी संहितेचे कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. वहिवाटीची वाट अडवली गेली तर तहसीलदार अडथळा दूर करू शकतो. एवढे असूनही वाटा जातात, त्याचे कारण या तरतुदी आपणहून चालत नाहीत. कोणीतरी लिहून द्यावे लागते आणि ते वेळेत द्यावे लागते. मामलेदार न्यायालयात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क सांगताना १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांचा उघड, अखंड वापर विचारतो. अडथळा नक्की कधी आला आणि त्याआधी वाट चालू होती का, हे दोन प्रश्न प्रत्येक वादात येतात. गावातला म्हातारा साक्षीदार ‘पूर्वीपासून’ एवढेच सांगतो. गेल्या जानेवारीत वाट मोकळी होती आणि या नोव्हेंबरात तिच्यावर तार होती, हे तारखेनिशी सांगू शकतो तो दरवर्षी गट घेऊन येणारा प्रमुख. दाद मागण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्याला नसतो, तो तिथल्या शेतकऱ्याला किंवा गावाला असतो. त्याची नोंद मात्र त्यांच्या हाती लागलेला भक्कम कागद ठरू शकते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये चालणाऱ्यांनी हे काम फार पूर्वी अंगावर घेतले. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर शेकडो कामगार चालण्याचा हक्क मागत मुद्दाम खासगी जमिनीतून गेले. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले. पण नकाशा झाल्यावर तिथल्या पदयात्री संघटना स्वस्थ बसल्या नाहीत. २०१५ मध्ये ‘रॅम्ब्लर्स’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी देशातल्या पायवाटांच्या जाळ्यापैकी जवळजवळ निम्मे जाळे चालून तपासले आणि मोडलेली फाटके, पडलेले साकव, वाढलेली झुडपे यांची नोंद केली. तिथला कायदा आपल्याकडे नाही, हे खरे. पण कायदा चांगला असूनही चालणाऱ्याची नोंद लागतेच, हा त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे.

नोंद कशी असावी? ‘तळगडाची वाट खराब झाली आहे, लक्ष घालावे’ या वाक्याने काहीही हलत नाही, कारण कोणत्या माणसाने कुठे जाऊन काय करायचे, हे त्यात नाही. त्याऐवजी असे लिहिलेले पाहा: ‘अमुक वाडीच्या विहिरीपासून गडाकडे जाणाऱ्या पायवाटेवर, पहिला ओहोळ ओलांडल्यावर डाव्या हाताच्या गडग्याजवळ पाखाडीच्या चार पायऱ्या वाहून गेल्या आहेत. वाट साधारण दहा फूट तुटली आहे, खाली उतार आहे. अमुक तारखेला सकाळी पंचवीस जणांचा गट इथून गेला. अक्षांश-रेखांश आणि दोन छायाचित्रे जोडली आहेत. गावातले लोक रोज ही वाट वापरतात. दगड पुन्हा बसवून द्यावेत.’ एक छायाचित्र जवळून आणि एक लांबून, मागे ओळखू येणारी खूण घेऊन काढावे. जीपीएसचा माग जपून ठेवावा. धोका, गैरसोय आणि अडवणूक या तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात, कारण त्यांची निकड आणि त्यांचे अधिकारी वेगळे असतात. गावठाणातली वाट ग्रामपंचायतीकडे, तळा गावातली नगरपंचायतीकडे, साकव आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, जंगलातली वाट वनविभागाकडे, कुड्याच्या लेण्यांजवळचा प्रश्न भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि अडवणुकीचा तहसीलदारांकडे जातो. वाट कोणाच्या हद्दीत आहे हे कळत नसेल तर तलाठ्याकडे गावनकाशा पाहावा, तो आता संगणकावरही पाहता येतो.

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप गावाकडून येतो. बाहेरून आलेल्या शहरी माणसाने आमच्या वाटेबद्दल, आमच्या शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल सरकारात अर्ज का द्यावा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मान दिलाच पाहिजे. कित्येकदा कुंपण येते त्यामागे ट्रेकरच असतात. उभ्या भातातून पायवाट पाडलेली असते, कवाड उघडे टाकलेले असते, प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधावर पडलेल्या असतात. म्हणून पहिली खबर सरकारात न देता गावात द्यावी. वाट अडली असेल तर आधी जमिनीच्या मालकाशी आणि सरपंचांशी बोलावे. कुंपणात एक कवाड ठेवून वाद मिटत असेल तर अर्जाची गरजच नाही. गावाला अर्ज हवा असेल तर तो गावाच्या नावाने, ग्रामसभेतून जावा आणि प्रमुखाने साक्षीदार म्हणून आपला कागद जोडावा. कोणत्या वाटेने गटाने जाऊच नये असे गावाचे म्हणणे असेल, तर तेही नोंदीत यायला हवे.

दुसरी भीती ट्रेकर मंडळींची आहे. धोका कळवला की प्रशासन सगळेच बंद करून टाकते. पावसाळ्यात रायगडातल्या धबधब्यांवर निघणारे बंदीचे आदेश ते दाखवतात. पण सरसकट बंदी येते ती प्रामुख्याने अपघातानंतर, आणि धोका नेमका कुठे आहे हे कोणीच सांगितलेले नसते तेव्हा. नेमकी नोंद हातात असेल तर एक कडा, एक उतार, एक महिना एवढेच बंद करण्याचा पर्याय अधिकाऱ्यासमोर राहतो. दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटच्या पायऱ्या ओतल्या जातील ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय मागणी नेमकी करण्याचा: जांभ्याचे किंवा स्थानिक दगड पुन्हा बसवा, पाणी काढून द्या, झाडोरा छाटा. नेमके काय हवे ते आपण सांगितले नाही, तर ठेकेदार त्याला सोयीचे तेच करणार.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: अर्जाला उत्तर कोण देतो? कधी कधी कोणीच देत नाही, हे मान्य. तरी आवक क्रमांक मिळालेला अर्ज वाया जात नाही. माहिती अधिकाराखाली त्यावर काय कारवाई झाली, हे विचारता येते. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रारीचा पाठपुरावा करता येतो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचे ठरवले. सरकार वाटांची यादी करायला बसले आहे, अशा वेळी कोणती वाट यादीत येणार हे आपल्या हातातल्या कागदांवरही ठरेल. कागद नसलेली वाट यादीतून सहज गळेल.

म्हणून गट नेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आणि प्रमुखाला विनंती आहे. मोहिमेच्या खर्चाचा हिशेब जसा लिहिता, तसा वाटेचा अहवालही त्याच आठवड्यात लिहा. एक प्रत गावाला द्या, एक संबंधित कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्या आणि एक संस्थेच्या दप्तरात ठेवा. पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाताना ती प्रत बरोबर न्या आणि काय सुधारले, काय बिघडले ते तिच्यावर लिहा. मोकळी आणि चांगली वाट मिळाली तर तेही आवर्जून नोंदवा, कारण वाट चालू असल्याचा पुरावा तोच आहे.