बोरन्हाण आणि बाळाचा घसा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे लहान मुलांचें बोरन्हाण होतें. बाळाला काळें झबलें व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात आणि डोक्यावरून बोरें, चुरमुरे, हलवा, शेंगा यांचा वर्षाव करितात. समारंभ मोठा गोड आहे. तो बंद करावा असें मी म्हणणार नाहीं. परंतु घशांत अडकण्याजोग्या जिनसाच आपण बाळाच्या मांडीवर ओततों, हें ध्यानांत असूं द्यावें.

माझ्याच घरची गोष्ट. नातू अकरा महिन्यांचा होता. बायका ओवाळीत होत्या, मुलें बोरें वेंचण्यांत दंग होतीं. बाळानें शेंगदाणा केव्हां तोंडांत टाकिला, तें कोणींच पाहिलें नाहीं. एकाएकीं तो गप्प झाला. रडणें नाहीं, खोकणें नाहीं. ओठ निळसर पडूं लागले. मी घाबरून त्याच्या तोंडांत बोट घालूं लागलों, तोंच शेजारच्या बाईंनीं माझा हात बाजूला सारिला. त्या परिचारिका आहेत. त्यांनीं बाळाला पालथें घेऊन पाठीवर थापा मारिल्या. चौथ्या थापेला दाणा बाहेर पडला आणि बाळ रडलें. पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या मास्तराला एवढें ठाऊक नसावें, याची मला लाज वाटली. पुढें जें शिकलों, तें सांगतों.

घशाच्या तळाशीं दोन मार्ग आहेत: पुढें श्वासनलिका, मागें अन्ननलिका. गिळतांना श्वासनलिकेच्या तोंडावर झांकण पडतें. परंतु मूल हंसत, रडत किंवा धांवत खात असेल, तर मध्येंच श्वास ओढला जाऊन घास भलत्या वाटेनें जातो. त्यांतून मुलाची श्वासनलिका अरुंद, खोकल्याचा जोर कमी. दाढा पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास येऊं लागतात व त्या सर्व यावयास अडीच-तीन वर्षें लागतात. तोंवर पुढच्या दांतांनीं दाणा तुटतो, पण बारीक होत नाहीं.

म्हणून शेंगदाणे, फुटाणे, काजू, बदाम पांच वर्षांपर्यंत अख्खे देऊं नयेत. कूट करून द्यावे. बोर, जांभूळ, सीताफळ यांच्या बिया काढाव्या. द्राक्ष उभें चिरून चार फोडी कराव्या; गाजर मऊ शिजवावें. मुलाला बसवूनच भरवावें. नाणीं, मणी, चिंचोके, फुटक्या फुग्याचे तुकडे हाताशीं नसावे. खेळण्यांतील चपटा, गुंडीसारखा सेल गिळल्यास अन्ननलिका दोन तासांतही भाजूं शकते. मूल बरें दिसलें तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. बोरन्हाणांत एका वडीलधाऱ्या माणसानें केवळ बाळाचे हात व तोंड यांवर नजर ठेवावी, वर्षाव होतांच बाळाला उचलावें, आणि जमीन झाडल्यावांचून खालीं सोडूं नये.

इतकें करूनही घास अडकला, तर? मूल जोरानें खोकत असेल, तर खोकूं द्यावें. आवाज बंद झाला, तर 108 किंवा 112 ला दूरध्वनि करण्यास दुसऱ्याला सांगून आपण उपाय सुरू करावा. एक वर्षाच्या आंतील बाळाला हातावर पालथें घेऊन, डोकें खालच्या बाजूस ठेवून, जबडा धरून, दोन्ही खांद्यांच्या मध्यें तळहाताच्या मुळानें पांच थापा माराव्या. न निघाल्यास उताणें करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर पांच वेळां दाबावें; आणि आळीपाळीनें हेंच चालू ठेवावें. वर्षावरील मुलाला थापांनंतर मागून कवटाळून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आंत व वर पांच झटके द्यावे. ही रीत हेन्री हाइम्लिक या अमेरिकन शल्यवैद्यानें 1974 सालीं पुढें आणिली. बाळाच्या पोटावर मात्र असे झटके मुळींच देऊं नयेत. न दिसणारी वस्तु बोटानें काढूं नये. ती अधिक आंत जाते. पाणी पाजूं नये. मूल बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब व कृत्रिम श्वास सुरू करावा. ही क्रिया मात्र जाणत्याकडून आधींच शिकून ठेविली पाहिजे. वस्तु निघाल्यावरही खोकला किंवा घरघर राहिली, तर वैद्यांस दाखवावें, कारण एखादा तुकडा आंत उरलेला असूं शकतो.

आमचा नातू आतां शाळेंत जातो. यंदा शेजारच्या घरीं बोरन्हाण आहे. बाळाच्या हातांवर नजर ठेवण्याचें काम मीं मागून घेतलें आहे.