अंजनेरीचीं गिधाडें

गिधाड म्हटलें कीं आपण नाक मुरडतों. परंतु रानाची स्वच्छता राखणारा असा बिनपगारी सेवक दुसरा नाहीं. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जातांना लागणाऱ्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. सकाळीं ऊन तापेपर्यंत तीं कड्यावरच बसतात. तापलेली हवा वर चढूं लागली म्हणजे सुमारें सात फूट पसरलेल्या पंखांवर, ते फारसे न हालवितां, घिरट्या घालूं लागतात. मादी वर्षांत एकच अंडें घालते. म्हणून घटलेली संख्या लौकर भरून येत नाहीं.

१९९० नंतर भारतांतील गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. गुरांच्या दुखण्यावरील डायक्लोफेनॅक हें औषध मृत ढोराच्या मांसांतून पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करितें, असें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं सरकारनें तें गुरांसाठीं बंद केलें. हरसूलजवळील खोरीपाडा येथें तर वनखात्यानें ग्रामस्थांच्या साह्यानें गिधाडांसाठीं मृत जनावरें ठेवण्याची सोय केली.

ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्या पालकांस आम्ही एवढेंच विनवितों कीं, आजारी बैलास औषध देण्यापूर्वीं पशुवैद्यास विचारावें. मेलॉक्सिकॅम ह्या औषधानें गुराची वेदना शमते आणि गिधाडही वांचतें.